पहिला सेकंद : खानदेशातल्या एका मराठी विभागाच्या फायलींचं प्रकरण

जूनचा तिसरा सोमवार. उन्हाळी सुट्टी संपून महाविद्यालय उघडलं त्याच दिवशी सकाळी मराठीच्या विभागप्रमुख मॅडमचा फोन आला. "सर, जरा वर येता का? एकही फाईल उघडत नाहीये." मी संगणकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे संगणक सांभाळायला वेगळा माणूस नाही, त्यामुळे अडकलेल्या प्रिंटरपासून सगळ्या तक्रारी आमच्याच विभागात येतात. तसंच काहीतरी असेल असं धरून मी जिना चढलो.

पडद्यावर पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच इंग्रजी चिठ्ठी होती. फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्लीसाठी ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. चिठ्ठीवरची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली होती. म्हणजे ७२ तास सोडाच, सहा आठवडे उलटून गेले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण असे विभाग महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांच्या कपाटात जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही.

आमचं महाविद्यालय सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या तालुक्याच्या गावी आहे. मराठीचा पदव्युत्तर विभाग लहान आहे, पण एक काम त्यांनी वर्षानुवर्षं नेटानं केलं. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी आपापल्या गावी पाठवायचं आणि अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करून आणायला सांगायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात ती, श्रावणात कानबाईपुढे रात्रभर चालतात ती, हळदीची, जात्यावरची. शिरपूर, शिंदखेडा, साक्री, पारोळा, अमळनेर अशा तालुक्यांतली मुलं-मुली आपल्या आजीला, आजीच्या मैत्रिणींना ओट्यावर बसवून रेकॉर्डर समोर ठेवत. मग घरी बसून शब्दन् शब्द उतरवून काढत.

हे काम पुन्हा करता येत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीची, म्हणजे अहिराणीची, नोंद झाली. तिथे नमुने आहेत, व्याकरण आहे, पण ते छापील. आवाज, हेल, ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर हे सगळं बाईच्या गळ्यातच असतं. गावोगावी गिरण्या झाल्या, जाती उलटी करून ओसरीच्या पायरीला लागली. त्या ओव्या ज्यांना येत होत्या त्यांतल्या कितीतरी बायका ध्वनिमुद्रणानंतर चार-दोन वर्षांत गेल्या. निकालपत्रक हरवलं तर विद्यापीठाकडून पुन्हा मिळतं. या बायकांचा आवाज कुठून आणणार?

तीन प्रती होत्या, तरीही

विभाग निष्काळजी होता असं कुणाला वाटेल, म्हणून आधी हे सांगतो. त्यांच्याकडे तीन प्रती होत्या. एक विभागाच्या संगणकात. दुसरी त्याला जोडलेल्या बाह्य हार्ड डिस्कवर, रोज रात्री आपोआप होणारी. तिसरी, फक्त लेखी मजकुराची, गूगल ड्राइव्हवर. ध्वनिमुद्रणं ड्राइव्हवर नव्हती, कारण खातं विभागाच्या नावानं उघडलेलं असलं तरी साधं फुकटचं होतं आणि त्यात १५ जीबीच मावतात. वेव्ह प्रकारातलं एक तासाचं स्टीरिओ मुद्रण सहाशे एमबीच्या पुढे जातं. पंचवीस तासांतच ती जागा संपली असती.

रोज रात्री नक्कल करणारी ती छोटी बॅच फाईल मी लिहून दिली होती. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा असते. तिला 'मिरर' करायला सांगितलं की ती दुसऱ्या डिस्कवर पहिलीची हुबेहूब प्रतिमा ठेवते. हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब. मूळ जागी फाईल बिघडली तर बिघडलेली जाते, मूळ जागी पुसली तर तिथेही पुसली जाते. मला हे ठाऊक होतं. तेव्हा मी डिस्क जळण्याचा विचार केला होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, वीज जाते आणि येताना दाब वर-खाली करत येते, त्यामुळे डिस्क जळणं हीच भीती डोळ्यांसमोर होती. फाईल शाबूत डिस्कवर असूनही बिघडू शकते, ही शक्यता मी मनावर घेतली नाही. ही चूक माझी आहे आणि तिची किंमत दुसऱ्या विभागानं मोजली.

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी लिपिक भाऊसाहेबांना नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या कामासाठी पन्नासेक पीडीएफ एकत्र जोडायच्या होत्या. परवान्याचं सॉफ्टवेअर विभागाकडे नव्हतं. त्यांनी नेटवरून 'पूर्ण आवृत्ती' असं लिहिलेलं एक उतरवून घेतलं. ते चाललं नाही, म्हणून बंद केलं आणि दुसरीकडून काम करून घेतलं. संगणक चालूच राहिला, कारण रात्रीची नक्कल व्हायची होती. त्या रात्री आत शिरलेल्या प्रोग्रामनं आधी संगणकावरच्या फायली कुलूपबंद केल्या, मग जोडलेल्या बाह्य डिस्कवरच्या, आणि विंडोज स्वतःहून जुन्या अवस्थेच्या ज्या प्रती ठेवतो त्या पुसून टाकल्या. ड्राइव्हच्या प्रोग्रामनं आपलं काम इमानानं केलं आणि बदललेल्या फायली वर चढवल्या.

भाऊसाहेब दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं. मी त्यांना बसवून सांगितलं आणि इथेही सांगतो : ज्या माणसाला काम दिलं जातं पण कामाचं साधन दिलं जात नाही, त्याच्यावर या प्रकरणाचा दोष टाकायचा नाही. त्यांचं खातं संगणकाचा सर्वाधिकारी म्हणून उघडलेलं होतं, तेही आम्हीच उघडून दिलं होतं.

एकच हात ज्या तीन प्रतींपर्यंत एकाच वेळी पोहोचतो, त्या मोजायच्या झाल्या तर एक मोजायच्या. आमच्या तिन्ही प्रतींवर एकाच संगणकातून, एकाच खात्यातून लिहिता येत होतं.

तीस दिवस

लेखी मजकूर बचावायला हवा होता. गूगल ड्राइव्ह आपल्या फायलींच्या आधीच्या आवृत्त्या सांभाळतो. बिघडलेल्या फाईलवर जाऊन मागची आवृत्ती उतरवून घेता येते. मात्र वर्ड किंवा पीडीएफसारख्या बाहेरून चढवलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच राहतात. कचरापेटीतल्या फायलीही ३० दिवसांनी आपोआप जातात. आमची उन्हाळी सुट्टी चाळीस दिवसांच्या वर होती.

सुट्टीत कुणीही, अगदी एकदा, घरून मोबाईलवर ते ड्राइव्ह उघडून पाहिलं असतं तर सगळा लेखी मजकूर परत मिळाला असता. कुणी पाहिलं नाही, कारण पाहायचं कुणाच्या कामात नव्हतं. शाळा-महाविद्यालयांच्या बॅकअपमध्ये मे महिना आणि दिवाळी हे दोन खड्डे आहेत. कारखान्यात, दवाखान्यात रोज कुणीतरी संगणकापुढे बसतं, बिघाड दुसऱ्या दिवशी दिसतो. आपल्याकडे तो दीड महिन्यानं दिसतो. म्हणून आपली जुनी आवृत्ती राखण्याची मुदत सुट्टीपेक्षा मोठीच असायला हवी. आम्ही ती आता सहा महिने ठेवली आहे.

डिस्कमध्ये काय उरलं होतं

पहिलं काम म्हणजे संगणक नेटवरून तोडणं आणि त्या डिस्कवर काहीही नवं न लिहिणं. दोन्ही डिस्कची बिट-बिट नक्कल नव्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर केले. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पैसे द्यायचा विषय प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत संपवला, आणि ते योग्य झालं. किल्ली मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि मिळाली तर पुढच्या विभागावर पडणाऱ्या दरोड्याला आपण भांडवल दिलेलं असतं.

डच पोलीस, युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' नावाची मोफत सेवा उभी केली. तिथे चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाईल दिली की कुठल्या जातीचा प्रोग्राम आहे ते कळतं. आमचा 'स्टॉप डीजेव्हीयू' जातीचा निघाला. फोडलेल्या सॉफ्टवेअरच्या आडून पसरणारा, म्हणून घरगुती आणि लहान कार्यालयांच्या संगणकांवर सगळ्यात जास्त आढळणारा. एम्सिसॉफ्ट कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ जुन्या प्रकारांसाठी मोफत किल्ली काढली होती. आमचा प्रकार नंतरचा होता आणि आमच्या फायलींची किल्ली हल्लेखोराच्या सर्व्हरवर बनलेली होती. तो दरवाजा बंद झाला.

मग एक गोष्ट हाती लागली. हा प्रोग्राम घाईत असतो. हजारो फायली कुणाच्या लक्षात यायच्या आत बिघडवायच्या असतात, म्हणून तो प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा भाग कुलूपबंद करतो : १५० केबी, म्हणजे १,५३,६०० बाइट. पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवतो. वर्डच्या फाईलला एवढं पुरतं. मराठी मजकुराची चाळीस पानांची फाईल बहुधा शंभर केबीच्या आतच असते, म्हणजे ती आख्खी गेली. पण ध्वनिमुद्रण?

मी एक वेव्ह फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. सुरुवातीला नुसता गोंधळ, कुठलाही आकार नाही. खाली सरकत गेलो आणि दीडशे केबीची रेघ ओलांडताच आकडे शिस्तीत उभे राहिले. एकाआड एक स्तंभात शून्य-शून्य किंवा एफ-एफ. सोळा बिटांच्या ध्वनीत आवाज हळू असेल तर वरचा बाइट असाच दिसतो. आत कुणीतरी गायला सुरुवात करण्याआधीची शांतता होती ती. मी मॅडमना हाक मारली.

वेव्ह फाईल म्हणजे पुढे ४४ बाइटांचं एक छोटं शीर्षक आणि मागे सरळ ध्वनीचे नमुने. शीर्षक गेलं की प्लेअरला फाईल ओळखू येत नाही, पण नमुने जागेवर असतात. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम अशी कच्ची माहिती थेट आत घेतो. त्याला फक्त सांगावं लागतं : सोळा बिट, लिटल एंडियन, दोन चॅनल, सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि सुरुवातीचे १,५३,६०० बाइट सोडून दे. मुद्रणं कुठल्या मापानं केली हे विभागाच्या रेकॉर्डरची मांडणी पाहून कळलं. विभागानं सगळ्यांना एकच मांडणी सक्तीची केली होती, ही त्यांची शिस्त इथे कामी आली.

हिशेब सोपा आहे. या मापात एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. १,५३,६०० बाइट गेले म्हणजे ०.८७ सेकंद गेला. एक सेकंदसुद्धा नाही. बटण दाबलं, आणि बंद खोलीत पंख्याच्या आवाजावर शिंदखेड्याकडच्या एका आजींची आखाजीची ओळ उमटली. मॅडम खुर्चीत बसल्या आणि पुढची पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्या आजी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या.

पुढचे तीन आठवडे दोन विभागांचे विद्यार्थी पाळीपाळीनं बसून एकेक फाईल अशी सोडवत होते. शेवटी त्या प्रोग्रामनं चिकटवलेल्या थोड्या बाइटांमुळे प्रत्येक गाणं संपताना 'टक्' असा आवाज येतो. तो कापून टाकला. त्या वर्षीच्या आखाजीची मुद्रणं तर बिघडलीच नव्हती, कारण दोन मुलींनी रेकॉर्डरमधली कार्डं अजून परत केली नव्हती. ती घरीच पडून होती.

गावांकडून आलेला सेकंद

पण तो ०.८७ सेकंद कशाचा होता? काही विद्यार्थ्यांनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबून आधी गाव, तारीख, गाणाऱ्या बाईंचं नाव बोललं होतं. त्यांच्या फायलींत फक्त गावाच्या नावाचं पहिलं अक्षर गेलं. काहींनी मात्र बाईंनी सूर लावल्यावर घाईघाईनं बटण दाबलं होतं. तिथे गेला तो गाण्याचा पहिला शब्द. ओवीत पहिल्या शब्दाला फार वजन असतं. ओवी कुणाला उद्देशून आहे, भावाला, मायला, सोयऱ्याला, कानबाईला, ते बहुधा तिथेच कळतं.

इथे मार्ग आम्हाला कुणालाच सुचला नव्हता, तो एका विद्यार्थिनीनं सुचवला. "सर, आम्ही ती गाणी त्यांना पाठवली होती ना." ध्वनिमुद्रण झालं की घरचे लोक 'आम्हालाबी ऐकू द्या' म्हणत, आणि मुलं एमपीथ्री करून व्हॉट्सअॅपवर धाडत. गाणाऱ्या बाईंकडे मोबाईल नसे, पण नातवाकडे असे, सुनेकडे असे. तिथून ते लग्न होऊन सुरतेला, नाशिकला गेलेल्या लेकींपर्यंत गेलेलं असे.

विद्यार्थी फिरले, फोन केले. एका गावात एक ताई म्हणाल्या, "मन्ही माय आते नही, पन तिनं गानं से मोबाईलमा." त्यांनी ते वर्षभर रोज सकाळी ऐकलं होतं. विभागाची खरी बाहेरगावची प्रत तिथे होती, कुणी योजना न आखता, प्रेमापोटी जपलेली. पहिला शब्द हरवलेल्या मुद्रणांपैकी बहुतेकांचा शब्द अशा फोनांतून परत आला.

यावर विभागात थोडा वाद झाला. एमपीथ्रीतला पहिला सेकंद कापून मूळ वेव्ह फाईलला जोडायचा का? ऐकायला सलग वाटलं असतं. मी त्याच्या विरोधात होतो आणि मॅडमही. जोडलेल्या फाईलला पुढच्या अभ्यासकानं मूळ समजू नये. म्हणून तीन वेगळ्या फायली ठेवल्या : सोडवलेली वेव्ह, गावाकडून आलेली एमपीथ्री, आणि नुसती ऐकण्यासाठी जोडलेली तिसरी, नावातच 'जोड' असं लिहून.

लेखी मजकुराचं इतकं भलं झालं नाही. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर चढवलेले होते, त्यांची चिंता नव्हती. अंतर्गत गुण सहीच्या कागदांवर होते. पण गाण्यांच्या उतरवलेल्या संहिता गेल्या होत्या. मार्गदर्शकांच्या जुन्या ईमेलमध्ये विद्यार्थ्यांनी तपासायला पाठवलेली प्रकरणं सापडली, त्यातून बरंच उभं राहिलं. काही संहिता विद्यार्थ्यांच्या वह्यांत होत्या, त्या पुन्हा टाईप कराव्या लागल्या. आणि एका निवृत्त सरांनी घरच्या लाकडी कपाटातून सीडींची एक चळत आणून दिली, वीस वर्षांपूर्वीची.

सीडी चालल्या, निदान बऱ्याचशा. फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. तो मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून जागा आहे, पण आपल्या कार्यालयांत आणि छापखान्यांत पुढची वीसेक वर्षं फॉन्टचंच राज्य होतं. त्या फाईलमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो, भलत्याच अक्षराच्या जागी 'क'चं चित्र काढलेलं असतं. फॉन्ट गेला की अर्थ गेला. बॅकअप शाबूत आणि मजकूर हरवलेला, अशी ही अवस्था, आणि मराठी विभागांत ती फार ठिकाणी आहे.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. त्यांनी नव्वद टक्के काम केलं आणि नेमकी अहिराणी मोडली. 'ऱ्हायनं', 'ऱ्हास', 'कऱ्हा' यांतला तो अर्धचंद्रासारखा 'ऱ्' रूपांतरात कधी 'र्' होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला, कधी गायबच झाला. शिवाय युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो तेव्हा दुसरा सापडत नाही. आम्ही एक रीत ठरवून सगळ्या फायली त्याच रीतीत आणल्या आणि प्रत्येक संहिता ध्वनिमुद्रणाशी ताडून वाचली. हे काम अजून संपलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या विभागाकडे जुन्या फॉन्टमधल्या फायली आहेत, त्यानं नवी डिस्क घ्यायच्या आधी हे रूपांतर करावं. मजकुराबरोबर त्याची पीडीएफ प्रतही ठेवावी, म्हणजे अक्षर कसं दिसत होतं याचा पुरावा राहतो.

डेड स्टॉक आणि बाहेरगावची डिस्क

नवी व्यवस्था लावताना तंत्रापेक्षा कागद जास्त आडवे आले. पीटर क्रोघ या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब सगळ्यांना समजला होता : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. अडचण शेवटच्या आकड्याची. बाह्य डिस्क विकत घेतली की ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढते. रजिस्टरला चढलेली वस्तू महाविद्यालयाच्या आवाराबाहेर न्यायची तर लेखी परवानगी हवी, आणि वर्षाअखेरीच्या पडताळणीत ती जागेवर दिसली पाहिजे. म्हणजे नियम पाळला तर प्रत बाहेर राहूच शकत नाही! रजिस्टर सांभाळणाऱ्यांचाही यात दोष नाही. त्यांच्या दृष्टीनं ती वस्तू आहे, आमच्या दृष्टीनं तिच्यातला मजकूर.

यातून वाट अशी काढली. प्राचार्यांकडून एकदाच कायमचं पत्र घेतलं की अमुक क्रमांकाच्या दोन डिस्क संस्थेच्याच दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात आळीपाळीनं राहतील. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात ते ठिकाण लिहिलं. तिथून आमच्याकडे रोज रेल्वेनं अपडाऊन करणारे एक प्राध्यापक आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते एक डिस्क आणतात आणि दुसरी नेतात. नेणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.

तिसरी डिस्क ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या दगडी भिंतीच्या खोलीत. विभागाची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे, तिथलं लोखंडी कपाट मेमध्ये हात लावू देत नाही. आणि एक नियम भिंतीवर लिहून लावला आहे : नक्कल होईपर्यंतच डिस्क जोडायची, झाली की तार काढायची.

मूळ ध्वनिमुद्रणांसाठी मी कुठलंही खास सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. ती एकदा आली की बदलत नाहीत. 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ती फक्त वाचता येतात, काम करायचं ते 'कामाची प्रत' या फोल्डरमध्ये. साधी फोल्डरं, साध्या वेव्ह फायली, नावात गाव-तारीख-प्रकार. वीस वर्षांनी ती उघडणाऱ्याला आमचा प्रोग्राम शोधत बसावं लागू नये. रोज बदलणाऱ्या लेखी फायलींचं वेगळं आहे. तिथे जुन्या आवृत्त्या राखणारा रेस्टिक हा मोफत प्रोग्राम लावला. त्याचा सांकेतिक शब्द कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत ठेवला आहे, एक प्राचार्यांच्या तिजोरीत आणि एक दुसऱ्या गावी. तो हरवला तर आपणच आपल्या फायलींना कुलूप घातल्यासारखं होईल.

प्रत्येक मूळ फाईलची एसएचए-२५६ ही खूण काढून यादी केली. फाईलमधला एक बिट जरी हलला तरी ही चौसष्ट अक्षरी खूण बदलते. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाचं साधन आधीच असतं. यादी छापून नोंदवहीत चिकटवली. कागदावरची यादी कुठल्याही प्रोग्रामला बदलता येत नाही.

"एवढं कशाला, मोठ्या विद्यापीठांसारखा सर्व्हर घेऊ," असं एका बैठकीत कुणी म्हणालं. मी क्योतो विद्यापीठाचं उदाहरण दिलं. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या महासंगणकावर बॅकअपच्याच प्रोग्राममध्ये केलेल्या दुरुस्तीत चूक झाली आणि ७७ टीबी माहिती, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यांतल्या चार गटांचं काम परत मिळालंच नाही. तिथे यंत्रं मोठी होती आणि माणसंही जाणती होती. सर्व्हर मिळाला तर घ्यावाच. पण नकलेनं मूळ खाल्लं की काय, हे पाहणारा डोळा त्याच्याबरोबर येत नाही. तो वेगळा नेमावा लागतो.

आम्ही तो नेमला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी विभागात चिठ्ठ्या टाकतात. विभागाचे शिपाई आबा एक चिठ्ठी उचलतात, तिच्यावर एका फाईलचा क्रमांक असतो. बाहेरगावी जाऊन आलेली डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडायची, ती फाईल उघडायची, खूण ताडून पाहायची आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. मग सही. मे महिन्यातही हे होतं, पाळी कुणाची ते एप्रिलमध्येच ठरलेलं असतं. आबांना स्वतःला यातली कितीतरी गाणी येतात. एकदा त्यांनी संहितेतला एक शब्द चुकीचा उतरवलाय हे ऐकता ऐकता सांगितलं, आणि ते बरोबर होते.

दोन मुद्रणांचा पहिला शब्द कुठल्याच फोनमध्ये मिळाला नाही. त्यांतल्या एका गाण्याच्या आजींची मुलगी म्हणाली की मायनं कुठल्या शब्दानं सुरुवात केली ते तिला पक्कं आठवतं. विभागानं तो शब्द संहितेत घातला नाही. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे एवढंच लिहिलं आहे : 'पहिला शब्द ध्वनिमुद्रणात नाही. मुलीच्या सांगण्यावरून : गौराई.'